मूळ झाडाचं लिंबू

“एकच मूळ झाड, चार पिढ्या, पासष्ट वर्षांची अखंड परंपरा,” मुलीने नव्या पाटीचा मजकूर कागदावरून मोठ्याने वाचला आणि वर बघितलं. “कसं वाटतंय, बाबा?”

मजकूर भारदस्त होता. ऐकणाऱ्याने नकळत ताठ उभं राहावं, असा होता. त्यात चूक एवढीच होती, की ते मूळ झाड चौदा वर्षांपूर्वी मेलेलं होतं. ही गोष्ट धाकट्यांना खात्रीने माहीत होती, कारण ते त्यांनीच मारलं होतं.

“छान आहे,” धाकटे म्हणाले. “अखंड जरा जास्त होतंय का?”

“अख्ख्या पाटीत तेच तर महत्त्वाचं आहे!”

“नाही, म्हणजे रंगाऱ्याला अक्षरं जास्त पडतील.”

धाकटे सत्तावन्न वर्षांचे होते. नर्सरी त्यांच्या आजोबांनी काढली. त्यांना सगळे थोरले म्हणत. मग वडील कामाला लागले, ते मोठे झाले. तिसऱ्या पिढीच्या वाट्याला धाकटे हे नाव आलं. केस पांढरे झाले, गुडघे वाजायला लागले, तरी ते सुटलं नाही, कारण ब्याऐंशी वर्षांचे मोठे अजून रोज सकाळी सात वाजता शेडमध्ये हजर असत. चौथ्या पिढीपर्यंत शब्द संपले होते. म्हणून कामाची माणसं मुलीला मॅडम म्हणत.

फाटकातून आत आल्यावर डाव्या हाताला, पाण्याच्या टाकीजवळ, अर्ध्या पिंपाएवढ्या सिमेंटच्या कुंडीत ते लिंबाचं झाड उभं होतं. दर वर्षी त्याला गुट्या बांधायच्या. म्हणजे फांदीची बोटभर साल काढायची, तिथे ओलं शेवाळ लावून वर प्लॅस्टिक गुंडाळायचं आणि दोन महिन्यांनी आत मुळं फुटली, की फांदी कापून पिशवीत लावायची. गुटीचं रोप म्हणजे झाडाचं मूल नव्हे, तेच झाड, दुसऱ्या पिशवीत. पातळ साल, भरपूर रस, बिया नावाला. हे लिंबू थोरल्यांनी स्वतः शोधून काढलं, असं घरात सांगत. घरात सांगत म्हणून गिऱ्हाइकांना सांगत, आणि गिऱ्हाइकं एकमेकांना सांगत ते ऐकून घरातल्यांचा विश्वास आणखी पक्का होई.

मुलगी वनस्पतिशास्त्र शिकली होती आणि लांबच्या एका शहरात, बाटल्यांमध्ये रोपं वाढवणाऱ्या कंपनीत नोकरीला होती. सध्या महिन्याच्या रजेवर आलेली होती. नोकरी सोडून नर्सरी सांभाळायचं तिच्या मनात होतं, पण नुसत्या मनात असलेल्या गोष्टीवर तिचा विश्वास नव्हता. लिंबाची घराण्याच्या नावाने रीतसर नोंदणी करायची आणि मग त्या एका झाडावर पुढचा सगळा डोलारा उभा करायचा, असा तिचा बेत होता. त्यासाठी तिने एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं अंगण शोधून काढलं. बाईंच्या आईने पन्नास वर्षांपूर्वी खुद्द थोरल्यांच्या हातून घेतलेलं लिंबाचं झाड तिथे अजून जिवंत होतं. मुलीने त्याचं एक पान आणलं. कुंडीतल्या मूळ झाडाचं दुसरं पान तोडलं. दोन पाकिटं, अ आणि ब. दोन्ही तपासायला प्रयोगशाळेत जाणार होती.

“दोन्ही झाडं तंतोतंत एक आहेत, असा कागद एकदा हातात आला ना, की कुणाची बोलायची टाप नाही,” ती म्हणाली.

“आणि नाही निघाली एक, तर?”

“तर मध्ये कुणीतरी घोळ घातलाय.” ती हसली. “आपल्याकडे कोण घालणार? आजोबा?”

धाकटेही हसले. जरा जास्तच वेळ हसले.

घोळ असा झाला होता. चौदा वर्षांपूर्वी मोठे स्टुलावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडून तीन आठवडे हॉस्पिटलात राहिले. पहिल्याच दिवशी त्यांनी धाकट्यांना पलंगाजवळ बोलावून हळूच सांगितलं, “लिंबाकडे बघ. तूच बघ. दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही.” बापाने आयुष्यात पहिल्यांदा भरवसा टाकलेला. धाकट्यांनी सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंडीच्या बुडाच्या भोकात खापरीचा तुकडा घट्ट बसवला. आठव्या दिवशी पानं पिवळी पडली. पाणी कमी पडतंय असं समजून त्यांनी ते वाढवलं. मग जास्त होतंय असं समजून बंद केलं, तरी माती काही सुकेना. सोळाव्या दिवशी झाड संपलं. दोन पिढ्यांच्या नर्सरीवाल्यांच्या घरात वाढलेल्या माणसाने कुंडीतलं झाड पाण्याने मारावं, हे म्हणजे पोहायला शिकवणारा बादलीत बुडाल्यासारखं झालं.

त्या रविवारी भर दुपारी धाकटे रस्ता ओलांडून समोरच्या नर्सरीत गेले. समोरच्या नर्सरीशी या घराचं दोन पिढ्यांचं वाकडं होतं. का, ते कुणी सांगत नसे. फक्त त्यांचा उल्लेख पलीकडचे असा व्हायचा, आणि तोही तोंड वाकडं करून. मात्र तिथले मालक, म्हणजे हे पलीकडचे, शाळेत धाकट्यांच्याच वर्गात होते आणि एकमेकांच्या गणिताच्या वह्या उतरवून दोघे पास झाले होते.

“एक लिंबू हवंय,” धाकटे म्हणाले. “मोठं. कुंडीतलं.”

पलीकडच्यांनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कारण विचारलं नाही. “मागे आहे एक. ने. हातगाडी घेऊन जा. कुंडी मात्र परत आण बाबा, बापाच्या वेळची आहे.”

झाड आलं, बसलं. चार दिवसांनी मोठे वॉकर टेकत टेकत घरी आले ते आधी टाकीकडे गेले. झाडासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “बरं राखलंस,” आणि आत जाऊन आडवे झाले.

ते दोन शब्द धाकट्यांच्या अंगात लिंबाच्या काट्यासारखे मोडून राहिले होते. शिवी दिली असती तर केव्हाच निघाली असती.

पाकिटं कुरिअरला टाकायचं काम मुलीने त्यांच्याकडेच दिलं. जाताना त्यांनी टाकीजवळ इकडेतिकडे बघून आणखी एक पान तोडलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. योजना साधी होती. मुख्याध्यापिकाबाईंचं पान बाहेर, खिशातलं आत. एकाच झाडाची दोन पानं जगातली कुठलीही प्रयोगशाळा वेगळी म्हणणार नाही.

कुरिअरच्या दुकानात बाकावर बसून त्यांनी ‘अ’ पाकीट उघडलं. पान बाहेर काढलं, सवयीने त्याचा कोपरा चुरगळला आणि वास घेतला. मग खिशातलं चुरगळलं. पानाच्या वासावरून जात ओळखण्यात धाकट्यांचा हात, म्हणजे नाक, कुणी धरत नसे. दोन्हींचा वास एकच होता. अगदी एकच. पण चोरी करायला बसलेल्या माणसाचा स्वतःच्या नाकावर काय विश्वास! भीतीमुळे तसं वाटत असेल, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

“काका, आत काय आहे?” काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

“पानं आहेत. झाडाची.”

“झाडाचीच असणार हो. वहीची का पाठवाल? या रकान्यात लिहा, आणि खाली सही करा. वरची माहिती खरी आहे म्हणून.”

धाकट्यांनी वाचलं. खरंच तसं छापलेलं होतं. चौदा वर्षं त्यांनी तोंडाने खोटं सांगितलं होतं, किंवा तोंडसुद्धा न उघडता. सही कधी केली नव्हती. त्यांनी बाईंचं पान परत पाकिटात घातलं, चिकटवलं आणि सही केली. खिशातलं पान घरी येईपर्यंत वाळून गेलं.

“टाकली?” मुलीने विचारलं.

“टाकली.”

“दहा दिवसांत कळेल.”

ते दहा दिवस धाकट्यांनी कसे काढले ते त्यांच्या बायकोला विचारावं. बायकोला हातगाडीची भानगड माहीत होती. किंबहुना त्या दुपारी फाटक तिनेच उघडून धरलं होतं.

“अहो, सांगून टाका ना एकदाचं,” ती म्हणाली. “अण्णा काय मारणारेत या वयात?” मोठ्यांना घरात अण्णा म्हणत.

“मारलं तर बरं होईल.”

“मग मी सांगू?”

“नको! तू सांगितलंस तर म्हणतील, बायकोला पुढे केलं.”

“मग पोरीला सांगा.”

“तिला सांगितलं तर रजा संपायच्या आत निघून जाईल. पाटीवर काय लिहायचं मग? तीन पिढ्या आणि एक भानगड?”

नवव्या दिवशी सकाळी मात्र धाकट्यांनी हाय खाल्ली. दुसऱ्या दिवशी कागद येणार, मुलगी तो मोठ्यांसमोर वाचणार आणि म्हाताऱ्याला आपल्या मुलाचं कर्तृत्व नातीच्या तोंडून कळणार. त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. ते शेडमध्ये गेले. मोठे उपड्या क्रेटवर बसून रोपांच्या पिशव्यांत माती भरत होते. तीन ओंजळी माती, पिशवी आपटायची, आणखी एक ओंजळ. साठ वर्षांत त्यात फरक नव्हता.

“अण्णा, एक सांगायचं होतं.”

“सांग. आधी त्या पिशव्या सरकव इकडे.”

धाकट्यांनी पिशव्या सरकवल्या आणि समोरच्या ढिगाऱ्यावर टेकले. “मूळ झाड आहे ना.”

“काय झालं त्याला?”

“मेलं.”

मोठ्यांनी मान वळवून टाकीकडे बघितलं. “हिरवं दिसतंय की.”

“आत्ता नाही. तेव्हा. तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा.”

मोठ्यांनी पिशवी आपटली आणि एक ओंजळ घातली. “हां. पाण्यानं ना?”

“तुम्हाला माहीत होतं?” धाकट्यांनी विचारलं.

“अरे, तीन आठवडे हॉस्पिटलात होतो मी. टाकीकडची फांदी मी दर वर्षी छाटायचो. परत येऊन बघतो तर ती जागच्या जागी. मनगटाएवढी! तीन आठवड्यांत मनगटाएवढी फांदी येत असती, तर आपण नर्सरी कशाला काढली असती, लाकडाची वखार नसती का काढली?”

“मग बोलला का नाहीत?”

“म्हटलं, हा सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल. तू कसला तोंड उघडतोस! मागच्या वर्षी मला न्यूमोनिया झाला, तू येऊन उशाशी बसलास, घसा खाकरलास. म्हटलं, आला बाबा मुद्द्यावर एकदाचा. तर तू विचारतोस, पंखा कमी करू का.”

“पण तुम्ही तर बरं राखलंस म्हणालात.”

“मग? राखलंच होतंस. पलीकडच्यांकडे काय कळा होती त्याची! मीठ फुटलेली कुंडी, वर कोळ्यांची जाळी.”

“पलीकडचं आहे हेही माहीत होतं?”

“दुसरीकडून कुठून आणणार? मीही तिथूनच आणलं होतं.”

धाकट्यांना वाटलं, म्हाताऱ्याची गल्लत होतेय. पण मोठे तर रंगात आले होते. इतकी वर्षं जपून ठेवलेली गोष्ट सांगायला मिळाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

“तू सातवीत होतास. थोरले महिनाभर बहिणीकडे गेलेले. जाताना मला म्हणाले, खोडाला रंग लाव. म्हणजे चुना, रे, वाळवीसाठी. मी म्हटलं, चुना काय, पावसात धुऊन जातो. फाटकाचा ऑइलपेंट उरला होता. चांगला खालपासून वरपर्यंत दोन हात मारले. काय चकाकत होतं! पंधरा दिवस चकाकलं, मग वाळलं. रंग नाही, झाड.”

“मग?”

“मग काय, गेलो पलीकडे. आत्ताच्या पलीकडच्याचा बाप होता तेव्हा. त्याला सांगितलं. तो म्हणाला, घेऊन जा, तुमचंच आहे.”

“तुमचंच म्हणजे?”

“तो आधी आपल्याकडेच कामाला होता. थोरल्यांच्या हाताखाली. एक दिवस स्वतःचं दुकान काढतो म्हणून निघाला, तो हातात छत्री घेऊन. ऊन असं कडक, की गोगलगायी वाळतील. आणि या गृहस्थाची छत्री बंद! थोरले मला म्हणाले, ऊन लागतंय तरी छत्री उघडत नाही, आत गुटी आहे बघ. मी म्हटलं, अडवू का? तर म्हणाले, जाऊ दे, पण आजपासून त्याच्याशी बोलायचं नाही.”

“म्हणून आपलं वाकडं!”

“म्हणूनच. ती गुटी त्याने लावली. तिचंच झाड मी आणलं, ते तू मारलंस. मग तू त्याच्याकडून आणलंस तेही तिचंच. छत्रीतून गेलं, हातगाडीवरून आलं. दोनदा. झाड तेच.”

धाकट्यांनी सबंध साखळी मनातल्या मनात एकदा पुढून आणि एकदा मागून मोजली. मुख्याध्यापिकाबाईंचं झाड थोरल्यांचं. समोर उभं आहे तेही थोरल्यांचंच. अ आणि ब. म्हणजे कुरिअरच्या दुकानात त्यांचं नाक बरोबर होतं. चौदा वर्षांत प्रथमच त्यांनी छाती भरून श्वास घेतला, आणि लगेच थोडा सोडून दिला.

“थोरल्यांना कळलं होतं, तुमचं?”

“आले, झाडाकडे बघितलं, म्हणाले, ‘रंग लावायचा राहिला वाटतं.’ मी म्हटलं, हो, राहिला. त्यांनी स्वतः चुना कालवून माझ्या हातात दिला. बस.” मोठ्यांनी पिशवी बाजूला ठेवली. “ऊठ आता. शेणखतावर बसलायस.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी मोबाइल हातात घेऊन शेडमध्ये आली. मागून तिची आई आली. घरात थांबून ऐकायला येणं शक्य नव्हतं.

“आलाय निकाल,” मुलगी म्हणाली. “वाचते. नमुना अ आणि नमुना ब यांच्यात कोणताही फरक आढळला नाही!”

“वाटलंच होतं,” मोठे मान वर न करता म्हणाले.

धाकट्यांच्या बायकोने आधी निकालाकडे, मग नवऱ्याकडे संशयाने बघितलं. कुरिअरच्या वाटेवर यांनी काही उद्योग केला की काय, असं ते बघणं होतं. धाकट्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

“थांबा, खाली आणखी आहे. सदर जात सर्वसाधारण लागवडीतील असून बहुतेक रोपवाटिकांमध्ये उपलब्ध आहे. स्वतंत्र नोंदणीस पात्र नाही.” मुलीचा आवाज हळूहळू खाली आला. तिने ते पुन्हा वाचलं, या वेळी मनातल्या मनात. “आजोबा, पणजोबांनी हे लिंबू शोधून काढलं होतं ना?”

“हो तर! बाजारात. सबंध दिवस शोधत होते बिचारे.”

“म्हणजे यात विशेष काहीच नाही?”

“लिंबू आहे,” मोठे म्हणाले.

मुलगी खताच्या पोत्यावर बसली. तिचा चेहरा बघून धाकट्यांना राहवेना. खरं सांगायची चटक लागली की माणूस आवरत नाही. हातगाडी, ऑइलपेंट, छत्री, त्यांनी सगळं सांगितलं, आणि शेवटी आपलं पाणी. “सकाळ-संध्याकाळ घातलं मी. वर बुडाच्या भोकात खापरी ठोकून बसवली. मीच मारलं.”

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. “शाळेतून आल्यावर मीपण घालायचे पाणी! रोज, दोन तांबे. आजोबांनी हॉस्पिटलात कानात सांगितलं होतं, तूच बघ म्हणून. कुणाला सांगू नकोस म्हणून!”

“अगं बाई,” धाकट्यांची बायको म्हणाली. “मला पण. दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही म्हणाले. मी दुपारची घालत होते, एक बादली.”

तिघांनी एकदम मोठ्यांकडे बघितलं. मोठ्यांना गेली काही वर्षं डाव्या कानाने कमी ऐकू येत होतं. आज उजव्यानेही येईना. त्यांनी पिशवी आपटली, एक ओंजळ माती घातली आणि पुढची पिशवी घेतली.

मुलगी आधी हसली. मग तिची आई. धाकट्यांना हसायला वेळ लागला. चौदा वर्षं एकट्याने उचललेलं ओझं चौघांत वाटून हातात जेमतेम एक तांब्या उरला होता, आणि एवढंसं घेऊन उभं कसं राहायचं, त्याची त्यांना सवय नव्हती.

“कंपनीला काय कळवू?” मुलगी डोळे पुसत म्हणाली. “तिकडे एका बाटलीत बुरशी आली तर तीन जणांची चौकशी बसते.”

“इथेही बसते,” तिची आई म्हणाली. “फक्त चौदा वर्षांनी.”

मुलीने खिशातून पेन काढलं, पाटीच्या मजकुराचा कागद पोत्यावर पसरला आणि ‘एकच मूळ झाड’ यावर रेघ मारली. थोडा विचार करून ‘अखंड’वरही मारली. ‘चार पिढ्या’ तिने तसंच ठेवलं. धाकट्यांनी ते दोनदा वाचलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. हातात कापडी पिशवी घेतलेल्या एक बाई आत आल्या. धाकटे कपडे झटकत पुढे झाले.

“तुमचं ते लिंबू प्रसिद्ध आहे ना, ते बघायचंय,” बाई म्हणाल्या. “पण मूळ झाडाचंच हवं हं. नाहीतर लोक काहीही देतात.”

हा प्रश्न आला की धाकटे चौदा वर्षं बुटांच्या लेसकडे बघून ‘आमच्याकडचंच आहे’ असं पुटपुटत आले होते. आज त्यांनी सरळ बाईंच्या डोळ्यांत बघितलं.

“मूळ झाडाचंच आहे,” ते खणखणीत आवाजात म्हणाले. “अगदी तेच झाड. तपासून घेतलंय.”

मागे शेडमध्ये पिशवी आपटायचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

बाईंनी रोप हातात घेतलं, फिरवून बघितलं, पानाचा वास घेतला. बाल्कनीत ऊन किती वेळ येतं ते आठवून बघितलं. शेवटी त्यांनी कोरफड नेली.